भोकरदनचे दगड आणि माझी एफडी



भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माझा भाचा भोकरदनहून आला. फराळाच्या ताटल्या अजून समोर होत्या, तेवढ्यात त्याने एका गोणीतून पाचसहा दगड काढून टीपॉयवर ठेवले. दिसायला अगदी मातकट बटाट्यासारखे. मी म्हटले, "अरे, काचेवर चरे पडतील!" त्याने त्यातला एक फुटका दगड उलटा करून माझ्या हातात दिला. आत पांढऱ्या, राखाडी, मधाच्या रंगाच्या रेघा, एकीत एक बसलेल्या. कांदा आडवा चिरल्यावर दिसतात तशा.

"मासी, हा अकीक. बाजारात हकीक म्हणतात तोच. आपल्याकडे विहीर खणताना, खडीच्या खाणीत असे दगड निघतात. व्यापारी येतो, किलोच्या भावाने उचलतो आणि गुजरातेत नेतो. तोच दगड कापून, घासून, मणी होऊन परत येतो, तेव्हा तुम्हीच त्याची माळ घेता. मग हे काम इथे का होऊ नये?"

इथे का होऊ नये, ते सांगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. पण त्याचे बोलणे तिथेच थांबले नाही. त्याला शेड घालायची होती, चाके आणि पॉलिशचे पिंप घ्यायचे होते. त्यासाठी माझ्या नावावरची सहा लाखांची एफडी हवी होती, भागीदारीत. ती एफडी म्हणजे माहेरून आलेले आणि चाळीस वर्षांच्या संसारात बाजूला टाकलेले माझे पैसे. यजमान म्हणाले, "तुझे पैसे, तू ठरव." असे म्हणणे त्यांना सोपे गेले. मला पुढचे तीन महिने नीट झोप लागली नाही. त्या तीन महिन्यांत काय पाहिले, काय वाचले आणि काय ठरवले, ते आज लिहिते आहे.

भाच्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. बी.कॉम.ला कॉस्टिंग शिकलेली मी, एवढे मलाही कळते की माल कच्चा विकणाऱ्याच्या हाती सगळ्यात कमी पडते. आपली मोसंबीच पाहा ना. बागेतून ट्रक भरून जाते, भाव पडला की शेतकरी रडतो, आणि रसाची बाटली दुसरीकडून येते. उलट लोखंडाची खाण जालन्यात एकही नाही, तरी बाहेरून भंगार आणून, वितळवून इथे सळया होतात आणि त्यावर हजारो घरे चालतात. बियाण्यांचेही तसेच. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको इथे सुरू केली आणि जालन्याचे नाव बियाण्यांसाठी देशभर झाले. जालना सोन्याचा पाळणा म्हणतात, तो हातांच्या कामामुळे. जमिनीखाली सोने होते म्हणून नव्हे.

आणि दगडाचे काम या मातीला नवे नाही. आपले भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत भोगवर्धनच्या लोकांची नावे आहेत. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी केळणा नदीकाठी तिथे उत्खनन केले. सातवाहन काळातल्या वस्तीत अकीक, लाल अकीक, गार अशा दगडांचे मणी निघाले. हस्तिदंताची एक कोरलेली स्त्रीमूर्तीही निघाली. इटलीत पाँपेई नावाचे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले. तिथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी ही मूर्ती फार मिळतीजुळती आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या भागातली कारागिरी समुद्रापलीकडच्या कारागिरीशी नाते सांगत होती. त्याच काळात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या दर्यावर्दीने 'पेरिप्लस' नावाचे पुस्तक लिहिले. त्यात पैठणहून रेघांचे दगड आणि तगरहून, म्हणजे आजच्या तेरहून, सुती कापड बैलगाड्यांनी भडोचच्या बंदराला जाते अशी नोंद आहे.

भाच्याला हे सांगितले तेव्हा तो टाळी देत म्हणाला, "मग मासी, मी नवीन काहीच मागत नाही!"

मी म्हटले, थांब. दगड आहे म्हणून धंदा होतो का, ते आधी पाहू. मुलीने मला आफ्रिकेतल्या बोत्सवाना देशाविषयी वाचायला दिले. हा देश १९६६ साली स्वतंत्र झाला, आणि पुढच्याच वर्षी तिथे हिऱ्याची मोठी खाण सापडली. लोकसंख्या आपल्या जालना जिल्ह्याहून थोडीशीच जास्त. कित्येक वर्षे त्यांचे हिरे कच्चेच लंडनला जात, तिथे विकले जात आणि पुढे बहुतेक आपल्या सुरतेत पैलू पाडायला येत. त्या देशाने आग्रह धरला: आमच्या जमिनीतला दगड आहे, तर काम आमच्या मुलांना द्या. हळूहळू तिथे पैलू पाडण्याचे कारखाने निघाले. त्यांत भारतीय पेढ्याही होत्या. २०१३ साली तर कच्च्या हिऱ्यांची मोठी विक्रीच लंडनहून त्यांच्या राजधानीत, गाबोरोनला आली.

वाचून आनंद झाला. पण पुढचेही वाचले. तिथे एका कॅरेटला पैलू पाडायचा खर्च सुरतेपेक्षा बराच जास्त येतो. हात तयार व्हायला वर्षे लागतात. बाजार मंदावला तेव्हा काही कारखान्यांना कुलूप लागले आणि नव्याने शिकलेली मुले घरी बसली. सुरतेचे उलटे. तिथल्या जमिनीत एक हिरा नाही, पण जगातल्या दर दहा हिऱ्यांतले नऊ तिथल्या हातांखालून जातात. वहीत मी एका बाजूला लिहिले 'दगड', दुसऱ्या बाजूला 'हात'. आमच्या भोकरदनला दगड होते. हात दोन हजार वर्षांपूर्वी होते, आता नाहीत.

अकीकाचे हात आहेत खंबातला. भाच्याला म्हटले, तिथे मला घेऊन चल. पैसे त्यानंतर.

त्याआधी अजून एक काम होते. चातुर्मास संपायला आठ दिवस उरले होते. मी स्थानकात जाऊन महासतीजींपुढे बसले आणि सगळे सांगितले. आपण प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे पंधरा कर्मादान म्हणतो ना, त्यात 'फोडीकम्मे' येते. जमीन खणणे, दगड फोडणे हा धंदा श्रावकाने करू नये. आणि उत्तराध्ययनाच्या छत्तिसाव्या अध्ययनात पृथ्वीकायाच्या जीवांत स्फटिक, गोमेद, नीलम, वैडूर्य अशी रत्नांची नावेच दिली आहेत. तरी आपल्या समाजात जोहरी पिढ्यानपिढ्या झाले. श्रीमद राजचंद्र स्वतः मुंबईत हिरे-मोत्यांचा व्यापार करत होते. मग आपला नियम काय? खणणाऱ्याला पाप आणि विकणारा मोकळा?

महासतीजी म्हणाल्या, "सावद्य कामाला आम्ही हो म्हणू शकत नाही, बाई. तो तुमचा निर्णय." एवढे बोलून त्या थांबल्या. मी वंदना करून उठले तेव्हा मात्र म्हणाल्या, "सातवे व्रत काढलेच आहे, तर पहिल्या व्रताचे अतिचारही एकदा नीट म्हणून पाहा."

रात्री म्हणून पाहिले. पाच अतिचार. त्यांतले शेवटचे दोन: अइभारे, भत्तपाणविच्छेए. जो आपल्यावर अवलंबून आहे त्याच्यावर झेपेल त्याहून जास्त भार टाकणे, आणि त्याच्या अन्नपाण्यात आड येणे. लहानपणापासून म्हणत आले, पण डोळ्यांपुढे नेहमी बैल आणि घोडाच यायचे. ओझे वाहणारा माणूस कधी आला नाही.

पौषात आम्ही खंबातला गेलो. कच्चा दगड तिथे भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या बाजूने येतो. आधी तो उन्हात वाळवतात. मग मातीच्या भांड्यांत भरून शेणीच्या नाहीतर भुशाच्या मंद आचेवर भाजतात. दगडातले लोह तापले की फिका दगड लाल होतो. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड धरून शिंगाच्या डोक्याच्या हलक्या हातोडीने टवके उडवतात. पाहत राहावे असे काम! एका आजोबांनी माझ्यासमोर दहा मिनिटांत ओबडधोबड दगडाचा लांबट मणी काढला, एक टवका वाया घालवला नाही. पुढे तो मणी फिरत्या चाकावर घासतात, हिऱ्याच्या कणीच्या सामत्याने भोक पाडतात आणि पिंपात घालून चकाकी आणतात.

घासायचे काम मी एका घराच्या ओसरीवर पाहिले. साधारण माझ्या सुनेच्या वयाची बाई कोरड्या चाकावर मणी धरून बसली होती. पिठाच्या गिरणीत उडते तशी पांढरी धूळ उडत होती. तिच्या भुवया, पापण्या, डोक्यावरचा पदर, सगळे पांढरे. बाजूला तांदूळ निवडून ठेवलेले सूप होते, त्यावरही तीच धूळ. तोंडावर तिने ओढणीचा तुकडा बांधला होता. बोलता बोलता ती दोनदा थांबून खोकली. नवरा कुठे विचारले, तर आत भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट केले. टीबी समजून दोन वर्षे औषध दिले, म्हणाली. मग मोठ्या डॉक्टरांनी सांगितले की हा दगडाचा रोग. तो गेल्यावर त्याच चाकावर ती बसली. कारण मण्यांमागे पैसे मिळतात आणि दुसरे काम येत नाही.

तिने आम्हाला चहा विचारला. मला घोट गिळता आला नाही.

परत आल्यावर मी या रोगाविषयी वाचले. नाव सिलिकोसिस. अकीक जवळजवळ पूर्ण सिलिकाच असतो. कोरडा घासला की केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक कण हवेत जातात. डोळ्यांना दिसते ती धूळ नाकात अडकते, न दिसणारी फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथे व्रण करते. काम सोडले तरी रोग पुढे सरकत राहतो. तो बरा करणारे औषध नाही. वर टीबीचा धोका वाढतो तो वेगळा. १९४८ च्या कारखाने कायद्यात हा आजार सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत होता. पण घरच्या ओसरीवर बसून मण्यामागे पैसे घेणाऱ्या बाईपर्यंत तो कायदा पोचला नाही.

आपल्या मुलांनी पाटीवर गिरवलेल्या दगडी पेन्सिली आठवतात? मध्य प्रदेशातल्या मंदसौरला त्या कापणाऱ्या कामगारांनाही हाच रोग होत होता. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथे तपासण्या केल्या. पुढे धूळ ओढून घेणारी यंत्रे बसवली तेव्हा धूळ कमी झाली. म्हणजे रोगाला औषध नाही, पण धुळीला आहे. माझ्या मुलीने 'अ' गिरवला ती पेन्सिल कोणाच्या श्वासातून आली, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

एक गोष्ट मनातून जात नव्हती. आपण मुखवस्त्रिका बांधतो ती वायुकायाच्या जीवांसाठी, आपल्या उष्ण श्वासाने त्यांना पीडा होऊ नये म्हणून. खंबातच्या त्या बाईच्या तोंडावरही कापडच होते. पण ते तिला वाचवू शकत नव्हते. आणि तिने घासलेल्या मण्यांची १०८ची माळ हातात धरून कोणीतरी नवकार मोजत असेल. कदाचित मीच.

मी भाच्याला बोलावले आणि वहीतले पान त्याच्यापुढे ठेवले. पैसे देईन, पण इतक्या अटींवर. एक, खणायचे नाही. विहिरीतून, खाणीतून जे आपोआप निघते आणि ज्याच्या मालकाकडे परवानगी आहे, तेवढेच घ्यायचे. दोन, कोरडे चाक एकही नको. प्रत्येक चाकावर पाण्याची धार, चाकाला झाकण आणि धूळ ओढणारा पंखा. तीन, काम शेडमध्येच. कोणाच्या घरी मणी घासायला द्यायचे नाहीत, म्हणजे मुले-बाळे त्या हवेत येणार नाहीत. चार, शिकायच्या दिवसांचीही रोजंदारी द्यायची, नगावर नाही. पाच, कामावर घेण्याआधी आणि मग दरवर्षी छातीचा एक्स-रे, आपल्या खर्चाने.

भाच्याने हिशोब केला आणि त्याचा चेहरा उतरला. "मासी, एवढे करून माझा मणी खंबातपेक्षा महाग पडेल. कोण घेईल?"

मी म्हटले, "त्यांचा मणी स्वस्त नाही. त्याचा उरलेला खर्च त्या बाईच्या खात्यावर पडतो, एवढेच. तो आपण आपल्या खात्यावर घेणार."

तो उठून गेला. दोन महिने बहिणीचा फोन आला नाही. नात्यात पैशाची गोष्ट आली की काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. घरातही ऐकले: एवढा विचार करणाऱ्यांनी धंद्यात पडू नये. खरे सांगते, मलाही वाटले, नाहीच म्हणून मोकळे व्हावे. पैसे बँकेत सुखरूप, पापही नाही. पण मग विचार आला, मी नाही म्हटल्याने दगड थांबणार आहेत का? व्यापारी किलोवर नेतच राहील आणि ते त्याच कोरड्या चाकावर जातील. माझा हात स्वच्छ राहील, तिची ओसरी पांढरीच राहील.

पाण्याचा प्रश्न मात्र मला खरोखर अडवत होता. घरात आपण पाणी गाळून, मोजून वापरतो, अपकायाचे जीव म्हणून. आणि जालन्यात राहणारीला पाण्याची किंमत कोणी शिकवावी लागत नाही. २०१३च्या दुष्काळात टँकरची वाट पाहिलेली आहे. चाकांवर दिवसभर धार सोडायची? यावर दोन गोष्टी मनाशी धरल्या. पहिली, एकेंद्रिय जीवांची हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, कमी करता येते. पण समोरच्या पंचेंद्रिय माणसाचे फुप्फुस जाणूनबुजून पणाला लावणे, याला कसलीही सूट नाही. दुसरी, तेच पाणी फिरवता येते. तीन हौद ओळीने बांधायचे, गाळ खाली बसतो, निवळलेले पाणी पुन्हा चाकावर. साचलेला गाळ ओलाच असताना काढायचा, वाळू द्यायचा नाही, नाहीतर तीच धूळ परत उडेल.

हे हौदांचे चित्र मी कागदावर काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. बाकी काही लिहिले नाही. चार दिवसांनी भाच्याचा फोन आला. "मासी, तिसरा हौद मोठा पाहिजे. तुम्ही छोटा काढला आहे."

अक्षय तृतीयेला, वर्षीतपाच्या पारण्यांना जाऊन आल्यावर, मी एफडी मोडली. सहा नाही, तीन लाखांची. मोठी शेड झाली नाही, छोटी झाली. तीन चाके, एक पिंप. खंबातहून एक कारागीर सहा महिन्यांसाठी शिकवायला आले आहेत. कोरडे काम करणार नाही, ही अट त्यांनी ऐकली तेव्हा काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे पाहत राहिले. भोकरदनच्या आजूबाजूच्या पाच बायका येतात. अजून नफा नाही. पहिल्या महिन्यातले निम्मे मणी भोक पाडताना फुटले. भाच्याचे म्हणणे खरे आहे, आमचा मणी महाग आहे आणि मोठे व्यापारी तो घेत नाहीत. हे चालेल की नाही, हे मला आज ठाऊक नाही. बुडाले तर तीन लाख माझे बुडतील, तेवढी तयारी ठेवून दिले आहेत.

तुम्हाला एकच विनंती आहे. पुढच्या वेळी माळ, अंगठीचा खडा, देण्याघेण्यातली दगडाची वस्तू घ्याल, तेव्हा दुकानदाराला विचारा की हे घासले कुठे आणि कसे, पाण्यावर की कोरडे. त्याला माहीत नसेल. पण दहा जणींनी विचारले की तो पुढे विचारेल.

माझ्या कपाटात एफडीच्या पावत्यांची एक फाइल आहे. मोडलेल्या पावतीच्या जागी आता त्या पाच जणींच्या छातीचे एक्स-रे ठेवले आहेत. पाचही स्वच्छ आहेत. पुढच्या अक्षय तृतीयेला नवे काढू आणि जुन्यांशेजारी उजेडात धरून पाहू.

लिहिताना कोणाचे मन दुखावले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.